आधी वेदना थांबवा, मग मरणाच्या हक्काचे बोलू

'पांडुरंगा, आता ने रे बाबा!' अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या तोंडचे हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने केव्हा ना केव्हा ऐकलेले असते. घरातली माणसे 'असं अभद्र बोलू नये' म्हणून विषय बदलतात. कोणी डोळ्यांना पदर लावते, कोणी उठून बाहेर जाते. पण त्या माणसाला नेमके काय हवे आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

गेल्या काही वर्षांत परदेशात या मागणीला कायद्याची वाट मिळाली आहे. असाध्य रोग्याला वैद्यकीय मदतीने मरण पत्करता यावे, असे कायदे अनेक देशांनी केले. वर्तमानपत्रांतून त्यांच्या बातम्या येतात, आणि 'आपल्याकडेही असा कायदा हवा' किंवा 'नको रे बाबा' अशी चर्चा पारावर, एस.टी.त, लग्नकार्यात रंगते. परंतु हे कायदे नेमके काय म्हणतात, आपल्या देशात आज काय चालते आणि काय चालत नाही, याची माहिती फार थोड्यांना असते. आजच्या लेखात ती देत आहोत, आणि शेवटी आमचे मतही मांडत आहोत.

एक उदाहरण घेऊ

समजा, तेरखेड्यातील साठी ओलांडलेला एक शेतकरी आहे. आयुष्यभर तंबाखूची चंची कमरेला. गालात जखम झाली, ती भरेना. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात तपासणी झाली, उपचार झाले, पण रोग मानेच्या गाठींत पसरला. डॉक्टर म्हणतात, आता बरे होणे नाही. काही महिने हाती आहेत. तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, रात्री ठणका लागला की झोप नाही.

हे उदाहरण काल्पनिक असले तरी अपवादात्मक नाही. कर्करोग हा शहरी लोकांचा रोग, ही समजूत आता कोणी बाळगू नये. बार्शीसह आपल्या जिल्ह्यातील भूम आणि परंडा तालुक्यांतील कर्करुग्णांची नोंद ठेवणारी ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून बार्शीत चालू आहे, ती काही उगाच नव्हे. तर असा हा रोगी निरनिराळ्या देशांत असता, तर त्याच्यापुढे कोणते मार्ग असते?

कायदे तीन तऱ्हेचे

पहिली तऱ्हा अमेरिकेतील ऑरेगॉन राज्याची. तिथल्या मतदारांनी १९९४ साली मतदानाने हा कायदा मंजूर केला, आणि १९९७ पासून तो अमलात आला. रोगी सज्ञान हवा, शुद्धीवर आणि विचार करण्यास समर्थ हवा, आणि सहा महिन्यांत मृत्यू येईल असा रोग असल्याचे दोन डॉक्टरांनी सांगायला हवे. त्याने साधारणपणे पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा तोंडी आणि एकदा साक्षीदारांसमक्ष लेखी मागणी करायची. मग डॉक्टर औषध लिहून देतो, परंतु ते रोग्याने स्वतःच्या हाताने घ्यायचे असते. डॉक्टरने सुई टोचायची नाही. कॅलिफोर्नियात २०१६ पासून आणि न्यू जर्सीत २०१९ पासून जवळपास असाच कायदा आहे. या दोन्ही राज्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत, त्यामुळे हा प्रश्न आता काही मराठी घरांतलाही झाला आहे.

दुसरी तऱ्हा नेदरलँड्सची. तिथे एप्रिल २००२ पासून ठराविक अटी पाळून डॉक्टर स्वतः इंजेक्शन देऊ शकतो. रोग्याची मागणी स्वेच्छेची आणि पूर्ण विचाराची हवी, यातना असह्य आणि सुधारणेची आशा नसलेल्या हव्यात, दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरने रोग्याला तपासायला हवे, आणि प्रत्येक प्रकरण नंतर समितीपुढे जाते. मृत्यू सहा महिन्यांत येणार असला पाहिजे, अशी अट तिथे नाही. बेल्जियमने त्याच वर्षी असा कायदा केला. कॅनडाने २०१६ मध्ये केला, आणि २०२१ मध्ये मृत्यू जवळ आलेला असण्याची अट काढून टाकली.

तिसरी तऱ्हा आपली, म्हणजे भारताची. इथे मरण 'देता' येत नाही. परंतु निरुपयोगी उपचार थांबवून नैसर्गिक मरणाची वाट मोकळी करता येते. वाचकांनी हा भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण सगळा घोटाळा इथेच होतो. श्वासाचे यंत्र काढले, तर रोगी आपल्या रोगाने मरतो. विषारी मात्रेचे इंजेक्शन दिले, तर तो त्या इंजेक्शनने मरतो. पहिल्याला कायद्याने वाट दिली आहे. दुसरे मात्र, रोग्याने हात जोडून आणि लेखी मागितले तरी, सदोष मनुष्यवध ठरते. ऑरेगॉनप्रमाणे औषध आणून रोग्याच्या हाती ठेवणारा डॉक्टर किंवा नातेवाईक आपल्याकडे आत्महत्येला साहाय्य केल्याच्या गुन्ह्यात सापडेल.

अरुणा शानभाग यांच्या बेचाळीस वर्षांनी काय दिले?

आपल्या देशात या प्रश्नाचा कायदा घडला तो मुख्यतः मुंबईतील एका रुग्णालयाच्या खोलीमुळे. के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका कामगाराने अमानुष हल्ला केला. गळा आवळला गेल्याने मेंदूला इजा झाली, आणि त्या पुन्हा कधी शुद्धीवर आल्या नाहीत. पुढची जवळजवळ बेचाळीस वर्षे के.ई.एम.च्या परिचारिकांनी त्यांना भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले. पिढ्या बदलल्या, पण सेवा थांबली नाही.

पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की आता त्यांना शांतपणे जाऊ द्यावे. ७ मार्च २०११ रोजी निकाल लागला. अरुणांची काळजी वाहणाऱ्या रुग्णालयाला त्या जगाव्यात असे वाटते, आणि त्यांचे म्हणणेच ग्राह्य, असे सांगून न्यायालयाने अर्ज फेटाळला. मात्र त्याच निकालात, अशा रोग्याचे उपचार उच्च न्यायालयाच्या परवानगीने थांबवता येतील, असेही प्रथमच मान्य झाले. अरुणा शानभाग १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने वारल्या. स्वतःला न मिळालेली वाट त्यांनी इतरांसाठी उघडून दिली.

त्याआधीचा इतिहासही महाराष्ट्राशी बराच जोडलेला आहे. मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. १९८६ मध्ये मुंबई पोलीस दलातील एका शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे कलम घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तसेच मत दिले, आणि १९९६ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने ते फिरवले. जगण्याच्या हक्कात मरणाचा हक्क येत नाही, असे या पीठाने सांगितले. मात्र, मृत्यू सुरूच झाला असेल तर तो सन्मानाने यावा, हे जगण्याच्याच हक्कात येते, असेही म्हटले.

आज आपण काय करू शकतो?

या धाग्याला पूर्ण रूप आले ते ९ मार्च २०१८ च्या निकालाने. 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला, आणि प्रत्येक सज्ञान व्यक्तीला जिवंतपणीच वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवण्याची मुभा दिली. सुरुवातीचे नियम फार किचकट होते. न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीशिवाय कागद पुरा होत नसे. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ते सोपे केले. आजची रीत थोडक्यात अशी:

एक, इच्छापत्र करणारा अठरा वर्षांवरील आणि शुद्ध बुद्धीचा हवा. कोणाच्या दबावाखाली ते केलेले नसावे.

दोन, 'मी बरा होण्याची आशा उरली नाही आणि मला बोलता-सांगता येत नसले, तर अमुक उपचार करू नका' हे स्पष्ट लिहावे. श्वासाचे यंत्र, वारंवार अतिदक्षता विभाग, डायलिसिस, जे नको असेल त्याचे नाव घालावे.

तीन, आपल्या वतीने निर्णय सांगणारी एकाहून अधिक विश्वासाची माणसे नेमावीत.

चार, दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती प्रमाणित करून घ्यावी.

पाच, एक प्रत नेमलेल्या माणसांकडे, एक घरच्या डॉक्टरांकडे, आणि एक स्थानिक संस्थेकडे द्यावी. न्यायालयाने यात महानगरपालिका आणि नगरपालिकेबरोबर पंचायतीचेही नाव घेतले आहे. असे कागद जपून ठेवणारा अधिकारी नेमला जात नव्हता, म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली, आणि त्यानंतर राज्यात असे अधिकारी नेमण्यास सुरुवात झाली. आपल्या ग्रामपंचायतीत जाऊन याची चौकशी करायला हरकत नाही. विचारणारा आल्याशिवाय कागद हलत नाही, हे आपण जाणतोच.

प्रत्यक्ष उपचार थांबवण्याची वेळ आली, तर रुग्णालयातील तज्ज्ञांचे एक मंडळ आणि त्यानंतर दुसरे मंडळ रोग्याची तपासणी करते. दुसऱ्या मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने सुचवलेला एक डॉक्टर असतो. प्रत्येक मंडळाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे असते. घरच्यांची संमती लागते, आणि न्यायदंडाधिकाऱ्याला कळवावे लागते. मतभेद झाला तर उच्च न्यायालय आहे. इच्छापत्र केलेलेच नसेल, तरी याच मार्गाने निर्णय घेता येतो. आणि रोगी शुद्धीवर असेल, तर एवढेही लागत नाही. समजून उमजून उपचार नाकारण्याचा त्याचा हक्क त्याच्याच हाती असतो.

आम्हाला काय वाटते?

मग आपणही एक पाऊल पुढे जाऊन ऑरेगॉन किंवा नेदरलँड्ससारखा कायदा करावा का? या मागणीमागची करुणा खरी आहे, आणि ती करणाऱ्यांना निर्दय म्हणणे अन्यायाचे होईल. स्वतःच्या शरीराचा शेवटचा निर्णय स्वतः घ्यावा, यात चूक ते काय? तरीही आमचे मत असे, की आजच्या स्थितीत आपल्या भागाला या कायद्याची घाई करू नये. याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण पैशाचे. वर सांगितलेल्या शेतकऱ्याकडेच पाहा. त्याच्या आजारात बैलजोडी गेली, सोसायटीचे कर्ज थकले, नातीचे लग्न लांबले. मुलगा-सून दिवाळीनंतर ऊसतोडीला कारखान्यावर जाणार, की म्हाताऱ्याजवळ बसणार? हे सगळे त्याला दिसत असते. असा माणूस उद्या म्हणाला, 'मला औषध द्या, मी सुटतो', तर ते त्याचे मन बोलते की त्याच्या डोक्यावरचे कर्ज बोलते? मराठवाड्याने कर्जापायी स्वतःला संपवणारे बाप पुरेसे पाहिले आहेत. 'मी गेलो तर पोरं मोकळी होतील' हा विचार इथे नवा नाही. कायद्याने 'स्वेच्छा' असा शब्द लिहिला म्हणून इच्छा स्वतंत्र होत नाही. कॅनडासारख्या श्रीमंत देशातही, २०२१ च्या बदलानंतर, अपंगांच्या संघटनांनी हीच भीती बोलून दाखवली आहे. जगण्याची सोय अपुरी आणि मरणाची सोय तयार, असे होऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे.

दुसरे कारण वेदनेचे. ऑरेगॉनच्या नोंदींवरून एक गोष्ट दरवर्षी दिसते. औषध मिळवणाऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश लोक ते घेतच नाहीत. आणि मागणीचे कारण सांगताना बहुतेकांच्या तोंडी ठणक्यापेक्षा परावलंबित्वाचे दुःख अधिक असते. २०१७ च्या अखेरीस गिरगाव भागातील एका निपुत्रिक वृद्ध दांपत्याने राष्ट्रपतींना पत्र लिहून मरणाची परवानगी मागितली, तेव्हा त्यांना कोणताही असाध्य रोग नव्हता. उद्या अंथरुणाला खिळलो तर आपले कोण करणार, ही त्यांची धास्ती होती. म्हणजे तिकडे काय नि इकडे काय, माणसाला मरणापेक्षा ओझे होण्याचे भय मोठे. पण तिकडच्या रोग्याला ठणका थांबवणारे औषध आधी मिळालेले असते. आपल्याकडे तेच मिळत नाही. ज्याला दोन रात्री सुखाची झोप मिळाली नाही, त्याने मरण मागितले तर ती मरणाची मागणी धरायची, की झोपेची?

कोणी म्हणेल, आपल्या परंपरेत स्वेच्छेने देह ठेवणे आहेच की! खरे आहे. आपल्याच जिल्ह्यातील कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेऊन १८ सप्टेंबर १९५५ रोजी देह ठेवला. पवनारला विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये अन्न आणि औषध सोडले. पण ही उदाहरणे आयुष्यभराच्या साधनेतून आलेली आहेत. ज्यांना कोणाचे देणे नव्हते आणि ज्यांची सेवा करायला लोक रांगेत उभे होते, त्यांचा तो निर्णय. औषधाला पैसे नाहीत म्हणून खाणे सोडणाऱ्या म्हातारीची तुलना त्यांच्याशी करता येणार नाही.

खरी गरज कशाची?

आपल्याकडे उपचार थांबवणे रोजच घडते, फक्त त्याला कायद्याचे नाव नाही. 'डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलंय' हे वाक्य तेच असते. सोलापूरहून किंवा धाराशिवहून रोगी गाडीत घालून घरी आणतात. सोबत कोणतेही औषध नाही, काय करायचे याची सूचना नाही. त्यानंतरचे पंधरा दिवस किंवा दोन महिने त्या घरावर काय गुजरते, याची कोणत्याही वहीत नोंद नाही. उपचार थांबवणे आणि रोग्याला सोडून देणे, यांत फरक आहे. रोग बरा करण्याचे उपचार थांबले, तरी त्रास कमी करण्याचे उपचार शेवटच्या श्वासापर्यंत चालले पाहिजेत. यालाच परिहार सेवा म्हणतात.

तिचे मुख्य शस्त्र म्हणजे मॉर्फिन. हे नाव ऐकताच लोक दचकतात. व्यसन लागेल, जीव लवकर जाईल, असे वाटते. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. कर्करोगाच्या वेदनेवर योग्य मात्रेत, ठरल्या वेळेला पोटात दिलेले मॉर्फिन ना व्यसन लावते, ना आयुष्य तोडते. साधी गोळी साधारण चार-चार तासांनी द्यावी लागते. बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचे औषध हवे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच कर्करोगाच्या वेदनेसाठी साध्या गोळीपासून मॉर्फिनपर्यंतची पायरी पायरीची पद्धत सांगितली. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे ते मिळवणे फार अवघड झाले होते. २०१४ मध्ये संसदेने तो कायदा दुरुस्त केला, आणि मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिन ठेवणे सोपे केले. तेव्हा 'कायद्याने मिळत नाही' ही सबब आता पुरणार नाही.

हे काम होऊ शकते, हे इतरांनी दाखवले आहे. मुंबईत १९८६ मध्ये शांती अवेदना सदन निघाले. पुण्याला वारजे येथे १९९७ पासून सिप्ला फाउंडेशनचे केंद्र कर्करुग्णांची विनामूल्य सेवा करते. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या कामातून गावोगाव स्वयंसेवक उभे राहिले, आणि घरी जाऊन रोग्याची सेवा करणे ही तिथे नित्याची गोष्ट झाली. आपल्या आशाताई घरोघर जाऊन बाळंतिणींची काळजी घेतातच. त्यांना आणि आरोग्य सेविकांना थोडे शिक्षण आणि मागे औषध पुरवणारा डॉक्टर दिला, तर वाशी तालुक्यातही हे घडेल.

घरच्यांसाठी चार गोष्टी

रोग्याला दर दोन तासांनी कुशीवर वळवावे, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. तोंड ओल्या फडक्याने पुसावे, ओठांना तूप लावावे. श्वास लागत असेल तर उशा देऊन बसते करावे, खिडकी उघडावी, पंखा चेहऱ्याच्या बाजूने लावावा. अगदी शेवटच्या दिवसांत भूक-तहान आपोआप कमी होते. तेव्हा जबरीने भरवू नये, ठसका लागून घास श्वासनलिकेत जातो. सलाईनचाही आग्रह धरू नये. 'निदान सलाईन तरी लावा' असे नातेवाईक म्हणतात, पण थकलेल्या शरीरात ते पाणी मुरत नाही. सूज येते, छाती भरते, आणि त्रास वाढतो.

आणि रोगी 'आता ने रे बाबा' म्हणाला, तर त्याला गप्प करू नये. जवळ बसून विचारावे, 'काय दुखतंय? कशाची भीती वाटते? कोणाला भेटायचंय?' पुष्कळदा उत्तर ठणक्याचे असते. कधी जमिनीच्या वाटणीचे, कधी बोलणे बंद असलेल्या भावाचे. उत्तर उदासीचे असेल, तर तिच्यावरही औषध आहे, डॉक्टरांना जरूर सांगावे. एवढे सगळे करूनही कोणी शांतपणे म्हणाला, 'मला आता दवाखाना नको, माझ्या घरी राहू द्या', तर त्याचे ऐकावे. तो हक्क त्याला कायद्याने दिला आहे.

परदेशी कायद्यांची चर्चा जरूर व्हावी. पण 'आमच्या जिल्ह्यात मॉर्फिनची गोळी कुठे मिळते?' हा प्रश्न आधी जिल्हा रुग्णालयात, पंचायत समितीत, आमदार-खासदारांच्या दारात विचारला जावा. त्याचे उत्तर मिळाले, म्हणजे मरणाच्या हक्कावर बोलायला आपण मोकळे. तोवर ज्याच्या वेदनेला आपण हात लावलेला नाही, त्याच्या मरणाला हात लावण्याचा अधिकार आपल्याला नाही.